सातमचा विस्तव

नवऱ्याने मला सुरतेला आणलं तेव्हा आमची मुलगी अडीच महिन्यांची होती, आणि मी वाटभर त्याच्याशी भांडत आले होते. इतकं लहान पोर कडेवर घेऊन कुणी परमुलखात बिऱ्हाड करतं का? पण सुरतेच्या कडेला, भेस्तानला खोली मिळाली होती, आणि ती सोडली तर परत मिळेल याची खात्री नव्हती. त्याआधीची दोन वर्षं तो कापडाच्या लूमवरच्या दहा-बारा जणांबरोबर एका खोलीत राहायचा. दिवसपाळीवाले कामाला निघाले की रातपाळीवाले त्याच गोधड्यांवर आडवे व्हायचे. मी तिकडे धुळ्याकडे सासूजवळ. नव्वदीची सुरुवात होती. गावात जो तो सुरतेला निघाला होता, मग मीही निघाले.

"डरू नको, आठे आपलाच लोके शेतस," तो म्हणाला होता. कुठले आपले? पाच खोल्यांच्या त्या रांगेत आम्ही सोडून सगळे गुजराती होते. आपले लोक होते ते त्याच्या कारखान्यात, पांडेसऱ्याला. तो सकाळी सातला निघून तिथे जायचा आणि संध्याकाळी सातनंतर परतायचा. मधले बारा तास मी, माझी मुलगी आणि बा.

बा म्हणजे घरमालकीण. साठीच्या पुढची विधवा, पांढरं लुगडं, दात सगळे शाबूत. रांगेच्या टोकाच्या घरात ती एकटीच राहायची. मोठा मुलगा हजिऱ्याला कंपनीत होता, तिकडेच राहायचा आणि सणासुदीला यायचा. पूर्वी आमच्या रांगेच्या जागी तिचं उसाचं शेत होतं. त्या जमिनीवर तिने या खोल्या बांधल्या होत्या, त्यामुळे आमच्या खोलीतल्या जमिनीवरही तिचाच हक्क आहे असं ती वागायची. कधीही यायची, दार वाजवायची नाही.

पहिल्याच दिवशी तिने मला ओट्यावर बसवून इथली रीत सांगितली. पाणी पहाटे येतं, पहिला हंडा तिचा. अंडं, मच्छी उंबऱ्याच्या आत नाही. पुरुषाला भाई आणि बाईला बेन म्हटल्याशिवाय हाक मारायची नाही, मग तो भाजीवाला का असेना. पाहुणा उठला की "आवजो" म्हणायचं. पाण्याच्या माठाजवळ देव असतो, तिथे चप्पल न्यायची नाही. बाहेरची झाली असशील तर माठाला शिवायचं नाही. आमच्या आधीच्या विदर्भातल्या जोडप्याने माठाखाली चपला ठेवल्या होत्या म्हणून त्यांना आठ दिवसांत खोली सोडावी लागली, हेही तिने त्याच दमात सांगितलं. खोली गेली तर नवरा परत त्या गोधड्यांवर जाणार आणि मी परत सासूकडे.

बोली कळायची मला. आमची अहिराणी आणि तिची गुजराती या तशा शेजारणीच. अडचण बोलीची नव्हती. अडचण अशी होती की नियम मोडल्यावरच तो नियम होता हे कळायचं. आषाढात शेजारच्या दोन मुली व्रतासाठी पाच दिवस अळणी जेवत होत्या, मी प्रेमाने त्यांच्या हातावर शेव ठेवली, तर त्यांची आई माझ्या हातातून वाटी हिसकावूनच घेऊन गेली. अमावस्येला आम्ही घरातले दिवे घासून पुजायचो, इथे तिला दिवासो म्हणतात आणि सगळी रांग गोडधोड करून फिरायला निघते. मी दिवे मांडून बसलेली बघून बा हसली, पण त्या दिवशी तरी बोलली नाही. रोज सकाळी डोळे उघडले की मनात एकच, आज माझ्या हातून काय मोडणार आहे?

आणि मग श्रावणातली सातम, म्हणजे सप्तमी, आली.

आदल्या दिवशी, छठीला, बा सकाळीच दारात उभी. "आज सगळं रांधून ठेव," ती म्हणाली. "पुऱ्या कर, बाजरीची ढेबरां कर. उद्या शीतळा सातम. उद्या चूल पेटायची नाही, चहासुद्धा नाही. थंड पाण्याने आंघोळ, थंडच खायचं. रात्री चूल विझव, सारव, कुंकू लाव. मा येते."

"कोण मा?"

"शीतळा मा. ताव-ताप आणि गोवर काढणारी. पोराबाळांची मा." तिने माझ्या मांडीवरच्या मुलीकडे बघितलं आणि तिच्या टाळूवर हात ठेवला. "तुझ्या घरात पोर आहे. तुला तर पाळलीच पाहिजे."

आमच्या गावात हे व्रत कुणाकडे नव्हतं, निदान आमच्या भाऊबंदांत तरी नव्हतं. तरी मी दिवसभर तळत बसले. रॉकेल पुरायचं नाही म्हणून मी खोलीच्या मागे मोरीजवळ मातीची चूल घातली होती. ढोरं पाळणाऱ्या रबारी बाईकडून गोवऱ्या घ्यायच्या, वखारीतून ढलप्या आणायच्या. संध्याकाळपर्यंत पुऱ्या झाल्या, ढेबरां झाली, नवरा आला, जेवला. आणि मी चूल विझवायला बसले, तर माझा हात पुढे जाईना.

कारण माझ्या सासरी चूल विझत नसे. सासूने लग्नानंतर पहिल्या रात्री मला काय शिकवलं असेल तर हेच. निजायच्या आधी एक पेटती गोवरी राखेत पुरायची. सकाळी राख बाजूला सारायची, फुंकर घालायची, विस्तव तयार. "चूल इझू देऊ नको," ती म्हणायची. चूल थंड कधी पडते? घरातून तिरडी उठते तेव्हा. त्या दिवशी शेजारपाजारचे भाकरी आणून घालतात, कारण त्या घराची चूल थंड असते. निघताना तिने पोर माझ्या हातात दिलं होतं आणि पुन्हा तेच सांगितलं होतं. माझ्या तान्ह्या मुलीच्या घरातली चूल मी माझ्या हाताने विझवू? कुणा देवीसाठी, जिचं नाव मी आज सकाळी ऐकलं?

नवऱ्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, बा सांगते तसं कर. म्हणून विचारलंच नाही. मी चूल सारवली, वैलावर कुंकू लावलं, दोन कापसाची वस्त्रं ठेवली. आणि आतल्या राखेत, अगदी तळाला, एक लाल गोवरी पुरली. वरून राख थापली. कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. सासूची रीतही राहिली, बाचीही राहिली, असं मनाशी म्हणून मी निजले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते माझ्यासारख्यांनाच.

सकाळी थंड पाण्याने न्हाऊन आम्ही पाचही घरच्या बायका बाच्या ओट्यावर जमलो. मुलीला मी झोळीत निजवून आले होते, दार उघडं ठेवून. बाने प्रत्येकीच्या मुठीत तांदळाचे दाणे दिले आणि सांगितलं की कथा संपेपर्यंत मूठ उघडायची नाही आणि मधून उठायचं नाही. मग ती सांगू लागली.

एका घरात दोन जावा होत्या. छठीला धाकटी रांधत बसली. तिला तान्हं पोर होतं. रांधून रांधून ती थकली, पोराला झोळीत घालून स्वतः तिथेच कलंडली, आणि चूल पेटती राहिली. रात्री शीतळा मा घरोघर फिरत होती. ती येते ती चुलीत लोळायला. थंड राखेत लोळते आणि तिचं अंग निवतं. या घरी ती आली, चुलीत उतरली, आणि तिचं सगळं अंग भाजलं. तिने शाप दिला. जसं माझं अंग जळलं तसं तुझं पोट जळो. सकाळी सून उठून बघते तर झोळीतलं पोर जळून कोळसा झालेलं.

बा हे अगदी साध्या आवाजात सांगत होती, पुऱ्यांचं माप सांगावं तसं. बाकीच्या बायका माना हलवत होत्या, त्यांनी ते दरवर्षी ऐकलेलं. पुढे ती सून देवीला शोधत जाते, देवी तिला भेटते आणि पोर जिवंत होतं, हे मला पुढच्या वर्षी कळलं. त्या दिवशी झोळी हा शब्द आला आणि माझे कानच बंद झाले. उठता येत नव्हतं. मूठ उघडता येत नव्हती. मी आमच्या उघड्या दाराकडे बघत बसले. तांदूळ घामाने ओले झाले.

कथा संपताच मी धावले. मुलगी झोळीत होती, जिवंत, मूठ चोखत. मी तिला उचललं, उलटीपालटी करून बघितली. काही नव्हतं. मग मागच्या दाराने मोरीपाशी गेले आणि चुलीतल्या राखेत बोट घातलं. गरम होतं. खालचा विस्तव धगधगीत जिवंत होता.

आता काय करणार? पाणी ओतावं तर चर्रकन आवाज होईल, वाफ उठेल, आणि पलीकडच्या मोरीवर शेजारीण भांडी घासत होती. शिवाय पेटत्या चुलीत पाणी ओतणं म्हणजे आमच्याकडे घर बुडवणं. मी चिमट्याने गोवरी बाहेर काढली. धूर येऊ लागला. ती कुठे टाकायची? बाहेर पावसाचं पाणी साचलेलं, त्यात टाकली तर सगळी रांग बघणार. मी चिमट्यात विस्तव धरून उभी, आत पोर रडायला लागलेलं. शेवटी ती गोवरी परत होती तिथेच पुरली. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते माझ्या हातानेच झालं.

दुपारपर्यंत मी मुलीच्या कपाळाला किती वेळा हात लावला असेल देव जाणे. आधी कपाळ गार होतं. मग वाटलं, जरा कोमट आहे. मग म्हटलं, मीच सारखा हात लावून गरम केलं असेल. आणि मग एकदा हात लावला तर खरंच तापलेलं होतं, माझ्या हाताला लागेल इतकं. ती दूध घेईना. रडायची तेव्हा आवाज बारीक यायचा. मी झबलं वर केलं तर पोटावर लाल पुरळ, बारीक मोहरीसारखा.

मला माहीत होतं हे काय आहे. देवी आली होती. माझ्या चुलीत लोळायला आलेली देवी भाजून निघाली होती, आणि आता माझ्या मुलीच्या अंगावर आली होती. मला दुसरं काही सुचतच नव्हतं. नवरा सात वाजता येणार. तोपर्यंत काय? डॉक्टरकडे न्यावं तर देवीला औषध चालत नाही, औषध दिलं की ती कोपते, हे गावातही सगळे म्हणायचे. आणि बाला सांगितलं तर? माठाखालच्या चपलेसाठी जिने बिऱ्हाड काढलं, ती तिच्या देवीला भाजणाऱ्या बाईचं काय करेल? मला गावाला पाठवेल एवढंच नाही, सगळ्या रांगेतली पोरं आजारी पडली तर सगळ्या बायका माझ्या नावाने बोटं मोडतील. मी खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारत होते आणि मोठ्याने म्हणत होते, माझी चूक, माझी चूक, तिला काही करू नको.

मग मुलीने रडणं थांबवलं. नुसती पडून राहिली, डोळे अर्धे उघडे. रडत होती तोवर मला धीर होता. त्या गप्प होण्याने माझा होता नव्हता तो धीर गेला. खोली जाऊ दे, गाव जाऊ दे. मी तिला छातीशी धरली आणि बाच्या दारात गेले.

बा थंड ढेबरां दह्यात कुस्करून खात बसली होती. मी उंबऱ्यातच बसले आणि सगळं सांगितलं, अर्धं मराठीत, अर्धं अहिराणीत, जे तोंडात येईल त्यात. सासूचं, गोवरीचं, राखेचं. "मी विस्तव राखला, बा. ती भाजली असेल. आता हिच्या पोटावर पुरळ आहे. तुमच्या देवीला तुम्ही सांगा ना, तुमचं ती ऐकेल."

मला वाटलं ती ओरडेल. तिने ताट बाजूला सारलं, हात धुतले आणि मुलीचं झबलं वर करून पोट बघितलं. मग कपाळ बघितलं.

"चाल," ती म्हणाली.

"कुठे?"

"दवाखाने."

"पण बा, देवी आहे. औषध—"

"चाल कहुं छुं ने," असं म्हणून तिने डोक्यावरून पदर घेतला आणि माझ्या हातातून मुलगी स्वतःकडे घेतली.

नाक्यावरच्या डॉक्टरकडे बाकावर सहा-सात जण आमच्या आधी होते. बा मुलीला मांडीवर घेऊन बसली, आपल्या पदराच्या टोकाने तिला वारा घालत. मग ती बोलली, माझ्याकडे न बघता.

"मारो नानो दीकरो हतो," ती म्हणाली. तिचा धाकटा मुलगा. मी हजिऱ्याच्या मोठ्याबद्दलच ऐकलं होतं, धाकटा होता हे मला माहीत नव्हतं. "पाच वरसाचा. सातमच्या चार दिवसांनी त्याला ताव आला, आणि अंगावर दाणे."

मी तिच्या मांडीवरच्या माझ्या मुलीकडे बघितलं.

"चूल थंड होती," बा म्हणाली. "बर्फासारखी. मी स्वतः सारवली होती. कथा मीच सांगितली होती. शीतळा माला पाहिजे ते सगळं केलं. कडुनिंब बांधला, भिंतीकडे तोंड करून निजवला, उंबऱ्याबाहेर नेला नाही. मा नाराज होईल म्हणून औषध दिलं नाही. सहा दिवस."

तिने मुलीच्या अंगावरचं फडकं सारखं केलं. मी ते ऐकून तिच्याबद्दल हळहळले असते तर बरं झालं असतं, पण खरं सांगते, मी आणखीनच घाबरले. सकाळपासून मला निदान माहीत होतं की माझं काय चुकलं. राखेतला विस्तव चुकला. बाचं तर काहीच चुकलं नव्हतं, आणि तरी तिचं पोर गेलं होतं. मग आता मी कशाला घाबरू, कुणाच्या पाया पडू? त्या बाकावर मला असं वाटलं की पायाखाली काही नाहीच.

डॉक्टरने मुलीला तपासलं, घसा बघितला, पोट बघितलं. म्हणाला, घामोळं आहे, आणि घशाला सूज आहे. एवढ्या उकाड्यात इतकं गुंडाळून कशाला ठेवता? थेंब दिले, एक पातळ औषध दिलं, ओल्या फडक्याने अंग पुसायला सांगितलं. पहिले थेंब बाने तिथेच पाजले, मुलीचं नाक धरून, चांगली सवय असल्यासारखे.

संध्याकाळी चार-साडेचारला परतलो तोवर मुलगी रडायला लागली होती, चांगली मोठ्याने. त्या रडण्याने माझ्या जिवात जीव आला. घराजवळ आल्यावर बाने माझा हात दाबला. "रांगेत कोणाला सांगू नको, दवाखान्यात गेलो होतो ते," ती म्हणाली. "आज सातम आहे."

"बा," मी म्हटलं. मला राहवेना. "तुमच्या मुलाचं असं झालं, तरी तुम्ही दरवर्षी हे सगळं करता?"

"बीक लागे छे," ती म्हणाली. भीती वाटते. "मोठो छे ने. तेना छोकरां छे." मोठा आहे ना, त्याची पोरं आहेत.

मग ती माझ्या खोलीतून थेट मागे मोरीपाशी गेली. तिने तिच्या घरून लोटाभर पाणी आणलं होतं, त्यात थोडं दूध घातलेलं. राख बाजूला सारून तिने गोवरी शोधली, आणि हळूहळू, थेंब थेंब करत ती विझवली. आवाजसुद्धा झाला नाही. राख पूर्ण गार होईपर्यंत तिने वरून तळहात धरून ठेवला. मग कुंकवाचं बोट लावलं, पदर पसरला आणि डोकं चुलीच्या काठाला टेकवलं.

मी मुलीला खांद्यावर घेऊन मागे उभी होते. मला वाटलं, ती माझ्या विस्तवाची माफी मागतेय. माझ्या मुलीसाठी काही मागत असेल. म्हणून मीही हात जोडायला वाकले, आणि मग तिचं पुटपुटणं मला ऐकू आलं. ती माझ्याबद्दल काहीच बोलत नव्हती. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती.

"मा, मारा नाना दीकराने ठंडो राखजे." मा, माझ्या धाकट्या मुलाला गार ठेव.